मागे गेलेला दोर

एका राज्यात एक तळं होतं, आणि त्या तळ्याच्या काठी कोणी मागे वळून पाहत नसे. पाहील तो दगड होईल, असं वडीलधारे सांगत.

त्या तळ्यात राणी मासोळी होऊन फिरत होती. जादूगार कालंजराचा तो शाप. तो सोडवायची एकच रीत होती. वेताच्या काठीला लांब दोर, दोराच्या टोकाला पिसांची माशी. ती पाण्यावर अशी उतरावी की तरंग उठू नये. तरच मासोळी ती धरील आणि शाप सुटेल. राजवंशातल्या प्रत्येकाला तीन फेकी. तिन्ही चुकल्या की फेकणारा बगळा. राजा बगळा झाला. युवराज बगळा झाला. उरली धाकटी राजकन्या शर्वाणी.

राजगुरू म्हणाले, "जोर लाव, मुली." तिने लावला. दोर चाबकासारखा कडाडला, माशीची पिसं उडाली.

नवी माशी बांधली. राजगुरू म्हणाले, "जोर फार झाला. हळू." दोर तिच्याच पायाशी गुंता होऊन पडला.

"आता?"

"तुझ्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं."

"आणि ते बगळा झाले!"

"विधिलिखित, मुली."

शर्वाणी मटकन खाली बसली. तिच्या बोटांवर पांढरी पिसं फुटू लागली होती. रडूही येईना.

मागून आवाज आला, "दोन्ही वेळा दोर मागे पुरता उलगडलाच नाही. त्याआधीच पुढे ओढलास."

बगळा बोलत होता. आवाज वडिलांचा होता.

"आबा! आधी का नाही बोललात?"

"बोलत होतो. मागचा आवाज ऐकू नये, असं गुरुजींनीच आपल्या सगळ्यांना शिकवलं."

"किती थांबू?"

"मी सांगेपर्यंत उशीर होईल. तूच पाहा."

"दगड होशील!" राजगुरू ओरडले.

"कोणाला झालेलं पाहिलंत?" शर्वाणीने विचारलं.

"पाहणार कसं? वळलंय कोण?"

"बगळ्यापेक्षा दगड बरा," शर्वाणी म्हणाली. तिने दोर मागे फेकला आणि मान वळवली.

दोर हवेत उलगडत गेला. सरळ झाला. काठीला हलकी ओढ लागली. तेव्हाच तिने काठी पुढे आणली आणि मध्येच थांबवली. दोर डोक्यावरून पुढे गेला. माशी पाण्यावर टेकली. तरंग उठला नाही.

मासोळीने माशी धरली, आणि दोराला धरून राणी काठावर आली. बगळ्यांची माणसं झाली. राजाने राजदंड हाती घेतला. शर्वाणी दगड झाली नाही.

राणीचे केस पांढरे झाले होते. पाळण्यात मागे राहिलेली मुलगी तिला ओळखू आली नाही.

"इतकी वर्षं का लागली?" तिने विचारलं.

राजगुरू पाण्याकडे पाहू लागले.

शर्वाणी म्हणाली, "कोणी मागे पाहिलं नाही, आई."