शेठजींच्या उशाशी

एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या शिष्यासह अतिदक्षता विभागात गेले. तिथे एक व्यापारी कृत्रिम श्वासावर निपचित पडला होता. पापण्या मिटलेल्या, चेहरा निर्विकार, चिमटा काढला तरी हात हलेना. ताप मात्र नव्हता. शिष्याने थोड्या वेळापूर्वीच उशाशी उभे राहून त्याच्या पत्नीला सांगून टाकले होते, "मेंदू गेलाय, काकू. यंत्र काढून घरी न्या." शिष्य हुशार होता, पण घाई भारी. ती माउली गाडी ठरवायला निघालीच होती.

वृद्ध डॉक्टरांनी तिला थांबवले. मग त्या निश्चेष्ट देहापुढे चक्क हात जोडले. "शेठ, आमची चूक झाली, माफ करा. ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा."

सरांचे आता वय झाले, असे शिष्याच्या मनात आले. तेवढ्यात अंगठा हलला.

"आधी एकाचे दोन दिसत होते? घास गिळवत नव्हता?" अंगठा पुन्हा हलला. डॉक्टर पत्नीकडे वळले. "ताई, घरात बंद बरणीतले काही खाल्ले होते?"

"चातुर्मासात मी लसूण घरात आणू देत नाही. म्हणून यांनी आधीच सोलून, तेलात बुडवून बरणी भरून ठेवली होती. एकटेच खायचे."

डॉक्टर शिष्याला म्हणाले, "तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे लसणावरचे जंतू वाढून विष तयार करतात. त्याला ना वास, ना चव. ते स्नायू बांधते, मन नाही. लकवा डोळ्यांपासून खाली उतरतो, म्हणून अंगठा तेवढा उरला. उद्या तोही गेला असता. आधी रक्त घे, ते आणि बरणी तपासणीला पाठव. मग लगेच प्रतिविष दे. अहवाल येईपर्यंत थांबलो, तर हे जातील. हातपाय हलायला महिने लागतील, पण जगतील."

शिष्याने विचारले, "सर, म्हणजे मी मघाशी 'घरी न्या' म्हणालो, ते…"

"ऐकले त्यांनी. चिमटेही कळले."

थोड्या वेळाने शिष्य सुई घेऊन आला आणि व्यापाऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "शेठ, रक्त घेतोय. थोडे टोचेल."

जो उत्तर देऊ शकत नाही, त्याच्यासमोर आपण काय काय बोलून बसतो, कोण जाणे.