येणाऱ्याला खांदा

“मग त्या वेळी तुझी आई कुठं गेली होती?”

गोसावीबाबांनी हे इतक्या सहज विचारलं, की हेरंबला आधी प्रश्नच कळला नाही.

“कोणत्या वेळी, बाबा?”

“तू जन्मलास त्या वेळी. माणूस एकटाच येतो म्हणालास ना आत्ता? म्हणून विचारलं.”

हेरंब हसला. वडीलधाऱ्यांच्या विनोदाला हसावं तसं, ओठांपुरतं.

पुण्याच्या एका कॉलेजात त्यानं नऊ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं होतं. मग नोकरी सोडली, घर सोडलं, फोन बंद करून पेटीच्या तळाशी टाकला आणि धरणाच्या पाण्यावरच्या डोंगरात, या महादेवाच्या देवळात येऊन राहिला. त्याला आता चार महिने झाले होते. पहाटे उठायचा, घोंगडीच्या आसनावर ताठ बसायचा, तो थेट दुपारपर्यंत. जेवण एक वेळ. बोलणं कामापुरतं. खालच्या वाडीतली माणसं त्याला ‘पुण्याचे महाराज’ म्हणत. ते आपल्याला मुळीच आवडत नाही, असं तो सांगत असे.

“थट्टा नको, बाबा. मी सगळ्यांतून मोकळा झालोय. मी कुणाचा नाही, माझं कुणी नाही. दीक्षा कधी देणार?”

“बघू.”

“पण माझ्यात कमी काय आहे?”

बाबा चुलीतलं लाकूड मागं ओढत होते...

तेवढ्यात पायऱ्यांवरून धापा ऐकू आल्या. वाडीतला रावजी शेलार वर येत होता. साठीचा माणूस, डोक्यावरचं मुंडासं सुटून हातात आलेलं.

“बाबा, आमची सगुणा अडलीया. कवाधरनं कळा देतीया, पर प्वार सरकंना. सुईण धोंडाआत्या म्हंती, आता माझ्या हातचं न्हाई, दवाखान्यात न्या.”

सगुणा त्याची सून. तिचा नवरा मुंबईला माथाडी कामगार. वाडीतले बहुतेक गडी तिकडंच. दवाखाना पाण्याच्या पलीकडं. लाँच लागते ती जागा डोंगराखाली दीड तासावर, आणि वाट अशी की बैलसुद्धा विचार करून पाय टाकेल.

“झोळी बांधलीया. पर खांदं चार पायजेत. मी, शेजारचा दगडू आन् शाळंचं मेश्राम गुरुजी. तिघंच हाओत.”

रावजीनं हेरंबकडं पाहिलंसुद्धा नाही. महाराजांना कसं विचारायचं?

“बाबा, माझा नेम...” हेरंब आसनावरूनच पुटपुटला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

बाबा उठले. ऐंशीचं वय, पण हाताला अजून कस होता. ते त्याच्याजवळ आले, वाकले आणि त्याच्या बुडाखालची घोंगडी एका हिसक्यात ओढून काढली. हेरंब फरशीवर कलंडला.

बाबांनी घोंगडी झटकली. तिची चौपदरी घडी केली आणि ती त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवली.

“बांबू टोचतो,” ते म्हणाले.

...

पहिल्या उतारालाच हेरंबचा मंत्र सुटला. डोक्यात एकच गोष्ट उरली, पाय घसरता कामा नये.

मेश्राम गुरुजी पार गोंदियाकडचे. पोरांची कवायत घ्यावी तसे ते हळू आवाजात म्हणत होते, “डावा... उजवा... डावा...” झोळीच्या कडेनं धोंडाआत्या चालत होती. सगुणाचा हात तिनं धरून ठेवला होता आणि तोंडानं तिला, चौघांना आणि देवालाही शिव्या घालत होती.

वाटेत घरं तुरळक. पण प्रत्येक घरासमोर कुणी ना कुणी तांब्या घेऊन उभं. निरोप कुणी पोचवला होता देव जाणे. एका म्हातारीनं हेरंबच्या तोंडात न विचारता गुळाचा खडा कोंबला. धनगरवाड्यावर दोन तगडे गडी पुढं झाले, त्यांनी बांबूंची पुढची टोकं आपल्या खांद्यावर घेतली आणि अवघड टप्पा उतरवून देऊन तसेच मागं फिरले. नावंसुद्धा सांगितली नाहीत.

खाली पोचले, तर लाँच निघून गेलेली. पाण्याच्या मधोमध.

रावजीनं मुंडासं काढून हवेत फडकवलं. लाँचवाला बाबालाल मुजावर मागं वळून पाहताना दिसला. झोळीही त्याला दिसली असावी. पण लाँच काही वळली नाही. उलट जोरात पलीकडं निघाली.

“गेला!” हेरंब ओरडला. “बघितलं, आणि तरी गेला! माणसं अशीच...”

“न्हाई गेला,” रावजी दगडावर टेकत म्हणाला. “शिस्टरला आणाया गेलाय.”

“त्यानं सांगितलं तसं?”

“सांगाया कशाला पायजे?”

अर्ध्या तासानं लाँच परत आली. पुढच्या टोकाला पिशवी छातीशी धरून लिसी सिस्टर उभी होती. मूळची केरळातली, कोट्टायमची. पलीकडच्या दवाखान्यात तिला अकरा वर्षं झाली होती. लाँच काठाला लागायच्या आत तिनं गुडघाभर पाण्यात उडी टाकली.

“थांबायला वेळ नाही. आतच झोपवा. चादर धरा. तोंडं तिकडे करा सगळ्यांनी!”

चौघांनी चार टोकं धरली. पाठीमागं सिस्टरचा आवाज, धोंडाआत्याचा आवाज, सगुणाचं ओरडणं. एकीचं शिक्षण, दुसरीची पन्नास वर्षांची सवय. दोघी एकमेकींना हुकूम सोडत होत्या आणि दोघी एकमेकींचं ऐकत होत्या.

लाँच पाण्याच्या मध्यावर आली आणि मागचे सगळे आवाज एकदम थांबले.

बाबालालनं इंजिन बंद केलं.

पाणी लाकडावर चुबुक चुबुक वाजत होतं... कुणी कुणाकडं बघेना... मेश्राम गुरुजींचे ओठ हलत होते. हेरंबही काहीतरी मागत होता. कुणाकडं, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

मग एक चापट ऐकू आली. आणि मग ट्यांहां!

“मोळे... मोळे...” लिसी सिस्टर हसत, रडत म्हणत राहिली. ‘मोळे’ म्हणजे लेकी, पण मल्याळम तिथं कुणालाच येत नव्हतं.

“व्हय गं बाय, व्हय,” धोंडाआत्या म्हणाली.

बाबालालनं भोंगा दाबला तो सोडेचना. दोन्ही काठांवर माणसं घरांतून बाहेर आली. कुणी पदर हलवत होतं, कुणी नुसताच हात. दगडू नाचायला लागला तशी लाँच डुलली आणि सिस्टरनं त्याला खाली बसवलं.

रावजी हेरंबचा हात सोडत नव्हता. “महाराज...”

“महाराज न्हाई म्हणायचं आता,” चादरीमागून सगुणाचा थकलेला आवाज आला. “मला भाऊ न्हाई. माझ्या लेकीला ज्यांनी खांदा दिला, त्ये तिचं मामा. बाराव्या दिसाला बारसं. मामाबिगर न्हाई करायची मी.”

जाणाऱ्याला चार खांदे लागतात, हे हेरंबनं वर्गात किती वेळा सांगितलं होतं. येणाऱ्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मामा तर तो आधीचाच होता. पुण्यात वैदेहीचा, त्याच्या सख्ख्या बहिणीचा, मुलगा आता पाच महिन्यांचा झाला असेल. त्याच्या बारशाला तिनं सात वेळा फोन केला होता. हेरंबनं एकदाही उचलला नव्हता.

...

दुसऱ्या दिवशी तो देवळात परतला. खांदा सुजला होता. बाबा तेल कोमट करून तो चोळायला बसले.

“बाबा, वाटेत मी मोजत होतो.”

“काय?”

“माणसं. रावजी, दगडू, गुरुजी. ते धनगरवाड्यावरचे दोघं. बाबालाल. सिस्टर तर कुठून आलेली! तिला शिकवणारं तिकडं कुणीतरी असणार. तिला इथं नेमणारं कुणीतरी. त्या लाँचला डिझेल पाठवणारं कुणीतरी...”

“झालं मोजून?”

“नाही. एक माणूस धरला की त्याच्यामागं दहा उभी.”

आणि हेरंब हसला. पोट धरून. खांदा ठणकला तरी थांबेना. बाबाही हसायला लागले.

बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, “दीक्षेचं विचारत होतास...”

खाली पाणी उन्हात चमकत होतं. पलीकडच्या काठावरून लाँच सुटताना दिसत होती.

“बाबा, आधी पुण्याला जाऊन येऊ? बहिणीकडं. मग इथं बारशाला.”

बाबा खांदा चोळत राहिले.

“ती दार उघडेल ना?”

बाबांनी हाताचं तेल धोतराला पुसलं. लाँच पाण्याच्या मध्यावर येईपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले...

मग म्हणाले, “रिकाम्या हातानं जाऊ नको.”