टकाचोर आणि तांब्याचे झाकण

एका डोंगराच्या पोटात साळिंदरांनी आपली वस्ती कोरून काढली होती. साधीसुधी बिळे नव्हेत हो. आत दालने होती, दगडी जिने होते, तांबे वितळवायची भट्टी होती, आणि बाहेर उन्हात कंदाच्या चकत्या वाळवायला सारवलेले खळे होते. आल्यागेल्याने बघत राहावे असे सगळे. फक्त दार राहिले होते. गुहेच्या तोंडावर बसवायचा गोल धोंडा घडवून तयार होता. पण तो ओंडक्यांवरून लोटत आणायला सगळ्या वस्तीचे खांदे एकदम लागणार होते. दाराशेजारच्या खोलीत एक साळिंदरीण नुकतीच राहायला आली होती. तिच्या दोन पिल्लांचे काटे अजून मऊ होते, आणि खाली करवंदीच्या जाळीत एक तरस राहत असे. म्हणून दाराची घाई तिला सगळ्यांत जास्त.

समोरच्या झाडावर टकाचोर पक्ष्यांचा थवा होता. तपकिरी पाठ, लांब शेपटी, आणि धंदा नावातच सांगितलेला. एखादा खाली येई, पळी उचली आणि उडून जाई. आता वस्तीची एक रीत होती. कोणाचीही वस्तू गेली की हाक उठायची, आणि हातातले काम टाकून सगळ्यांनी धावायचे. जो धावणार नाही, त्याच्या घरी कोणी पाणी प्यायचे नाही. रीत चांगल्या मनाने घातलेली. एकाचे गेले ते सगळ्यांचे गेले, असा तिचा अर्थ. पक्ष्यांनी ती लवकरच ओळखली. एक जण पळी घेऊन दरीकडे जायचा, वस्ती त्याच्यामागे जायची, आणि उरलेला थवा खळ्यावर उतरून चकत्या खायचा. साळिंदरे दमून परत येत, पळी मिळाली म्हणून खूश होत, आणि खळ्याकडे बघून म्हणत, "यंदा कंद उन्हाने फारच आटतात."

हसू नका, बाळांनो. आमच्या पेठेत एक किराणा दुकानदार होता, भला माणूस. कोणी मूठभर शेंगदाणे उचलले की हा अनवाणी चौकापर्यंत मागे धावायचा. शेंगदाणे घेऊन परत यायचा, तोवर दुकानातला तुपाचा डबा गेलेला असायचा. कोणी समजावले तर विचारायचा, "म्हणून काय चोराला सोडून देऊ?"

साळिंदरीण वस्तीच्या पाटलाकडे गेली. म्हणाली, "पाटील, त्यांना पळी नकोच आहे. आपण धावावं एवढंच हवंय. एक दिवस हाक आली तरी जागचे हलू नका. दार बसवून घ्या."

"आज पळी सोडायची, मग उद्या काय सोडायचं?" पाटलाने विचारले.

भट्टीवरचा साळिंदर म्हणाला, "वहिनींना पाखरांचा पुळका आलाय. एखादं दत्तक घ्या, वहिनी. काटे नसतात, मांडीवर घ्यायला बरं."

सगळे हसले. ती वस्तीत नवीन होती, आपल्या खोलीकडे परत गेली. जाळीतला तरस मात्र हे धावणे रोज बघत होता. पक्ष्यांची विद्या त्याने फुकटात शिकून घेतली.

शेवटी दार बसवायचा दिवस आला. सगळ्यांनी खांदे लावले, धोंडा हलला, ओंडके करकरले. गुहेचे तोंड निम्मे झाकले गेले. तेवढ्यात एका टकाचोराने पाटलाच्या रांजणावरचे तांब्याचे झाकण उचलले. हाक उठली आणि धोंड्यावरचे खांदे निघाले. साळिंदरीण एकटीच धोंड्याला पाठ लावून उभी राहिली.

"वहिनी, येताय ना?" पाटलाने वळून विचारले. आवाज चढवला नाही. बाकीचे थांबून तिच्याकडे बघू लागले.

तिने खोलीत पाहिले. पिल्ले झोपली होती. मग तिने त्या सगळ्यांच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि तीही धावली.

दरीच्या काठावर पक्ष्याने झाकण टाकून दिले. "न्या," तो म्हणाला, "आमचं खाऊन झालं."

पाटील झाकण पुसत पुसत परत आला. दारापाशी तरसाची पावले उमटलेली होती, आत जातानाची आणि बाहेर येतानाची. शेजारच्या खोलीत थोडे मऊ काटे पडले होते. साळिंदरीण आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. कोणीतरी म्हणाले, "दैव." पाटलाने झाकण रांजणावर ठेवले, ते नीट बसले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खांदे लावले आणि धोंडा तोंडाशी आणून बसवला. काम सकाळच्या न्याहारीआधी झाले. एवढेच ते काम होते.

पुढे काही दिवसांनी टकाचोराने खळ्यावरचा एक लाकडी डाव नेला. धोंडा बाजूला लोटून सगळी वस्ती बाहेर पडली. साळिंदरीण आपल्या रिकाम्या खोलीपुढे बसून होती. ती उठली नाही. कोणी रागावले नाही, कोणी भांडले नाही. डाव घेऊन सगळे परत आले आणि तिच्यासमोरून मान खाली घालून आत गेले. पण त्या दिवसापासून त्या वस्तीत तिच्या घरी कोणी पाणी पीत नाही.

तात्पर्य : चोर नेतो ते थोडे असते, त्याच्यामागे धावताना आपण जे उघडे टाकून जातो, ते फार असते. आणि हे ज्याला कळते, त्यानेच चारचौघांच्या डोळ्यांना भिऊन पाऊल उचलले, तर त्याचे कळणे कोणालाही वाचवत नाही.