मडक्यावरची घोंगडी

“बाबा, आणखी काय द्यायचं राहिलंय त्यांना?”

‘त्यांना’ म्हणजे मडक्यातल्या जंतूंना. दह्यातले हे गुणी जंतू रोगजंतूंना मारणारं द्रव्य तयार करतात, हे प्रद्योत कॉलेजात शिकून आला होता. आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या ज्या मठात तो आता राहत होता, तिथं वासरांना पांढरी हगवण लागली होती. दोन गेली. तिसरी, चांदी नावाची कालवड, गोठ्यात मान टाकून पडली होती.

मठाचे प्रमुख निगमबाबा पूर्वाश्रमीचे जनावरांचे डॉक्टर. ते ऐकत होते.

“चांगलं दूध दिलं, गूळ दिला. ऊब हवी म्हणून माझी घोंगडी गुंडाळली. वाढलेत तर असे, की विचारू नका. पण ताटलीत वाढवलेल्या हगवणीच्या रोगजंतूंवर मडक्यातला थेंब टाकला, तर एक मरेल तर शपथ.”

“कशाला मारतील? सुखात आहेत.”

“म्हणजे?”

...

बाबा उठले. मडक्यावरची घोंगडी काढून त्यांनी खुंटीला अडकवली. मग चांदीच्या हगवणीचं पाणी खळखळ उकळलं, निववलं आणि चमचाभर मडक्यात ओतलं.

एवढा जीव लावून जपलेलं मडकं, त्यात घाण! बाबांचा प्रद्योतला रागच आला.

“बाबा, हे काय केलंत?”

“उकळून त्यातले रोगजंतू मेलेत सगळे. पण वैरी दारात येऊन गेला, हे कळलं की पुरे.”

दुसऱ्या दिवशी प्रद्योतनं ताटलीत पुन्हा मडक्यातला थेंब टाकला, आणि तिसऱ्या दिवशी ती उजेडात धरली. थेंबाभोवती रोगजंतू मरून स्वच्छ गोल पडला होता. त्यानं चांदीला मडक्यातलं थोडं थोडं पाजायला सुरुवात केली, आणि त्या आठवड्यात ती उभी राहिली.

“आता हे वरच्या धनगरवाड्यावर पोचायला हवं,” बाबा म्हणाले. “तिथली वासरंही मरताहेत.”

प्रद्योतनं मान खाली घातली. मागे एकदा तो तिथून तणतणत परत आला होता.

“दुसऱ्या कुणाला पाठवा, बाबा. तिथं माझं कुणी ऐकत नाही. हसतात, शब्दाशब्दाला आडवे येतात. इथं शांत आहे. तुम्ही आहात. इथं मी खूप काम करीन.”

...

बाबांनी खुंटीवरची घोंगडी काढली. झटकली, नीट घडी घातली आणि आपल्याच मांडीवर ठेवली.

“वर थंडी फार असते,” ते म्हणाले. “घोंगडी इथंच ठेवून जा.”