रेणाबाईंनी धरलेलं पान

“तिला बाहेर बाकावर बसू दे ना, निरंजन. पोथ्यांत जीव रमावा लागतो. जांभया देत बसेल बिचारी.”

मी चपला ठेवायला वळले होते, पण फार लांब गेले नव्हते. बोलली ती केतकी, माझ्या नवऱ्याची कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघं मिळून जुन्या वैद्यकाच्या पोथ्यांवर पुस्तक लिहिताहेत. आमच्या लग्नाला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत निरंजन माझ्याशी जेवढं बोलला, त्याच्या चौपट तिच्याशी फोनवर बोलला, आणि तेही हसत. बाकावर बसवण्याबद्दल तो फक्त “बघू” म्हणाला. ‘बिचारी’पेक्षा मला ते ‘बघू’ जास्त लागलं.

भोवरगडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आम्ही तिघंही पहिल्यांदाच आलो होतो. तिथे पोथीशाळेच्या दाराशी एक बुटकी दगडी बैठक आहे, दोन माणसांपुरती, बरोबर मधोमध झिजलेली. तिच्यावर बसल्याशिवाय कुणालाही पोथी वाचायला मिळत नाही. पोथी काढतात, तिचं पहिलं पान वेगळं करतात आणि वाचकाबरोबर जो आला असेल त्याच्या हाती देतात. वाचकाने ते पान त्याला वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याने पान सोडलं की मग आत जायचं. याला इथे ‘पान धरणं’ म्हणतात. कुणी एकटा आलाच, तर तांबटकाका धरतात. चाळीस वर्षं त्यांनी इथे पोथ्यांची डागडुजी केली, आता आल्यागेल्याला ग्रंथालय दाखवतात.

“ही काय भानगड?” केतकीने विचारलं.

“भानगडच आहे, ताई,” काका म्हणाले. “पण अडीचशे वर्षांची. ऐका.”

असं सांगतात की, भोवरगडच्या विठोजीरावांनी शेजारच्या राजाशी तह केला तेव्हा जिंकलेली दोन गावं परत देऊन टाकली आणि बदल्यात चार गाडे पोथ्या मागून घेतल्या. दरबारी कपाळाला हात लावून बसले. त्या चार गाड्यांतून हे ग्रंथालय उभं राहिलं. पुढे संस्थान विलीन झालं आणि ते राष्ट्राचं झालं.

राजे सकाळी पोथीशाळेत शिरत ते दिवेलागणीला बाहेर येत. राणी रेणाबाई घाटाखालच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. वर्षं गेली, राणी वाट बघत राहिल्या. एक दिवस त्या स्वतःच ताट घेऊन आल्या. राजांनी मान वर न करता नोकराला सांगावं तसं “ठेवा” म्हटलं. राणींनी ताट ठेवलं आणि जाताना पोथीतलं एक पान पदराआड नेलं.

सवत माणूस असती तर तिच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. ही सवत म्हणजे पोथी, हिचं नाव वाचायचीही राणीला सोय नव्हती.

मग रोज एक पान जाऊ लागलं. राणींनी एकही फाडलं नाही की जाळलं नाही, म्हणे. नुसती पेटीत ठेवली. राजे वाचत वाचत ऐन रंगात यायचे आणि पुढचं पान नसायचं. आधी वाळवीवर संशय आला, मग केशवभटांवर. ते तिथले पोथ्या लिहिणारे म्हातारे लेखनिक. ‘चोराचा उजवा हात तोडा,’ असा हुकूम सुटला. चौकात केशवभटांना उभं केलं, सगळं गाव जमलं. तेव्हा पेटी घेऊन राणी चारचौघांत आल्या आणि स्वतःचा हात पुढे केला.

“तुम्हाला वाचता येत नाही,” राजे म्हणाले. “पानं कशाला हवी होती?”

“तुम्हाला वाचता येतं म्हणून,” राणी म्हणाल्या. “तीन महिने पानं शोधलीत. अकरा वर्षांत मला एकदाही शोधलं नाहीत.”

राजांच्या तोंडून शब्द तर गेला होता. तो मागे घेता येईना. तेव्हा, असं सांगतात, केशवभटांनीच वाट काढली. “महाराज, तुमचं पान तुमच्याच घरात सापडलं, मग चोर कुठला? बाईसाहेबांनी पान धरलंय. काय घेऊन सोडतात ते विचारा.”

राणींनी सांगितलं, एकेक पान मला वाचून दाखवा आणि एकेक न्या.

दोघं या बैठकीच्या दोन टोकांना बसत, म्हणे. नव्वद पानांना पावसाळ्यापासून होळीपर्यंत वेळ लागला, कारण राणी मधेच थांबवून विचारत. बैठक झिजली मात्र मधोमध.

“म्हणजे राणीचा मत्सर गेला?” मी विचारलं. सकाळपासून माझं हे पहिलंच वाक्य होतं.

“गेला असं कुणी सांगत नाही,” काका म्हणाले. “पुढेही म्हणे नवी पोथी आली की त्या आधी पहिलं पान ताब्यात घ्यायच्या.”

आजही ही रीत चुकत नाही. मंत्री आले तर त्यांचा सचिव पान धरतो. काकांनी आमची पोथी आणवली, पहिलं पान उचललं. केतकीने हात पुढे केला. “द्या, मी धरते. याच्यासोबत मीच असते नेहमी.”

काकांनी निरंजनकडे पाहिलं. तो पोथीकडे बघत होता.

“वाचणाऱ्याला धरता येत नाही, ताई,” असं म्हणून त्यांनी पान माझ्या तळहातांवर ठेवलं. त्याला वजन असं नव्हतंच. कडा तपकिरी, शाई अजून काळीभोर. काय लिहिलंय ते मला एक अक्षर कळत नव्हतं.

“मी घरी सांगतो तुला सगळं,” निरंजन पुटपुटला. “सोड आता. चारला बंद होतं इथे.”

मी बैठकीवर बसले आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले, “घरी तू मला काही सांगत नाहीस, हिला सांगतोस. आणि त्याने माझा जळफळाट होतो. केतकीताई, तुम्हालाही थांबावं लागेल. निरंजन, बस इथे आणि वाच. सावकाश वाच. जिथे कळणार नाही तिथे मी थांबवणार आहे.”