सनईवाल्याचा ओठ

“पालखीच्या आत बरं हुईल न्हवं, बुवा?”

जोतिरामने हे तिसऱ्यांदा विचारलं. खालचा ओठ दुखत असल्यामुळे शब्द बोबडे येत होते.

दाजीबुवा भैरोबाच्या नगारखान्यात मांडी घालून बसले होते. सनईच्या टोकाला लावायच्या पत्तीला ते दोरा गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पालखी कवा?”

“पाचव्या दिशी. तुमीच म्हनालात न्हवं, यंदा देवापुढं मी वाजवायचं म्हनून?”

“म्हनालो हुतो खरं…”

छप्पन्न वर्षं भैरोबाच्या पालखीपुढे दाजीबुवांची सनई वाजली होती. यंदा त्यांनी सगळ्या गावासमक्ष तो मान आपल्या शिष्याला दिला. आणि आठ दिवसांत शिष्याचं तोंड आलं. वर्षातली ही पाचवी खेप होती. दिलेला मान परत घ्यायची रीत नव्हती; पालखीच्या दिवशी त्याला वाजवता आलं नाही, तर तो नदीपलीकडच्या वाजंत्र्यांच्या ताफ्याला जाणार होता. त्या धास्तीने त्याला धड झोप येत नव्हती.

जोतिराम वाजवायचा चांगला, त्यात वाद नाही. आपली सनई नदी ओलांडून पलीकडच्या वाडीत ऐकू जाते, हे तो चारचौघांत सांगायचा. दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट मात्र पाहायचा नाही.

“औशीद काय केलंस?”

“काय करायचं ठिवलंय? जाईची पानं चघळली. तुरटीच्या गुळन्या झाल्या. जेष्ठमध झाला, तूप लावून झालं. तालुक्याच्या डाक्टरांनी रगत तपासून गोळ्या दिल्या. तिखट बंद, जागरन बंद म्हनाले.”

“डाक्टर बराबर बोलले. गोळ्या संपीव.”

“चार दिस बरं वाटतंय. मग लगीनघरी वाजवून आलो की पुन्ना हायच!”

बुवांचा दोरा गुंडाळणारा हात थांबला.

“येतंय कुठं?”

“खालच्या ओठाला. आतल्या अंगानं.”

“गालाला?”

“न्हाई.”

“जिभंला?”

“न्हाई. दर खेपेला तितंच.”

“आनि चातुर्मासात?”

जोतिराम जरा घुटमळला. चातुर्मासात लग्नं नसतात. देवळातली नौबत, म्हणजे सांज-सकाळची सनई, बुवा वाजवतात, जोतिरामची सनई खुंटीला असते आणि तो शेतात.

“चातुर्मासात… एकदाबी न्हाई, बुवा.”

“हं…”

खाली आवारात फुलवाली सरूबाई गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती.

“लग्नात बँजोवाले असत्यात न्हवं?”

“असत्यात की! ट्राक्टरभर स्पीकर आनत्यात. त्येंच्यापुढं सनई ऐकू जायाची म्हंजे खायचं काम न्हाई. ओठ दातावर तानून अशी आवळतो पत्ती, की स्पीकर फाटला तरी आपला सूर वर! आपुन हटत न्हाई, बुवा… आई गं!”

बोलण्याच्या भरात त्याने तसाच ओठ ताणला होता. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बुवांनी पत्ती बाजूला ठेवली. जोतिरामला जवळ बोलावलं. मग एका बोटाने स्वतःचा खालचा ओठ खाली ओढून दाखवला.

जोतिराम वाकून पाहत राहिला.

छप्पन्न वर्षं त्या ओठाने सनई धरली होती. आत दाताचा एक ओरखडा नव्हता. लहान मुलाच्या ओठासारखा तो गुलाबी आणि नितळ होता. जोतिरामने नकळत आपल्या ओठाच्या आतून जीभ फिरवली. दात जिथे टेकायचे, अगदी त्याच ओळीत जुने वळ लागले. त्यांच्यावरच नवे फोड उठले होते.

“तुमाला कधी आलंच न्हाई तोंड?”

“आलं हुतं. तुज्याच वयात. तीन वरीस जीव खाल्ला त्यानं.”

“मग गेलं कशानं?”

बुवांनी आवाराकडे पाहिलं. उन्हं उतरली होती.

“सांजंची नौबत ऱ्हायलीया. उचल सनई.”

“बुवा, तोंड आलंय माजं!”

“म्हनून तर सांगतोय.”

आणि बुवांनी दुसरी सनई उचलली. ती सुराची.

सुराची सनई धरायची ती नवशिक्याने. बोटं हलवायची नाहीत, एकच स्वर शेवटपर्यंत धरून ठेवायचा. सारा मुलूख ज्यांच्या पाया पडतो ते दाजीबुवा आपल्या शिष्याच्या अर्धं पाऊल मागे सरकून सुराला बसले. जोतिरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस किती सहज मागे सरकला!

त्याने सनई ओठांत धरली. सवयीने ओठ दातांवर ताणला, आणि कळ थेट कानापर्यंत गेली. सनई खाली आली.

मागे बुवांचा सूर थांबला नाही.

त्याने पुन्हा धरली. पुन्हा कळ.

तिसऱ्या खेपेला ओठ ताणायची हिंमतच उरली नव्हती. झोपलेल्या बाळाच्या ओठाला बोट लावावं इतक्या हळू त्याने पत्ती नुसती ओठांच्या मऊ भागावर ठेवली. आवळली नाही. फुंक घातली तीही भीत भीत, जेमतेम.

सूर निघाला. अगदी बारीक… पण निघाला.

आणि त्याला मागचा सूर ऐकू आला.

दहा वर्षं कुणी ना कुणी त्याच्या मागे सूर धरत आलं होतं. तो सूर आपल्याला ऐकू येतो असंच जोतिराम समजत होता. आज पहिल्यांदा तो खरोखर कानावर पडला. त्याला धरून राहायचं म्हणून जोतिरामने आपली फुंक आणखी हळू केली. मग आणखी हळू… दुखायचं कधी थांबलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

खाली सरूबाईची हुज्जत मध्येच तुटली.

नौबत संपली. जोतिरामने शरमून विचारलं, “आवाज पायरीखाली तरी गेला का, बुवा?”

बुवा उपरण्याने डोळे पुसत होते.

उत्तर खालून आलं. सरूबाई मान वर करून ओरडली, “बुवा, आज किती दिसांनी तुमी सवताच वाजिवलंत वं?”

जोतिरामचा हात ओठाकडे गेला. ओठाला रक्त नव्हतं. त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तरी मनातली धास्ती पुरती गेली नव्हती. उठता उठता त्याने चौथ्यांदा विचारलंच.

“मग… पालखीच्या आत बरं हुईल न्हवं?”

बुवांनी सनई फडक्यात गुंडाळली. गाठ मारली.

“हुईल की, लेकरा… पर पालखीपर्यंत फोड ऱ्हाऊ दे.”