लोहशेषाने कूस बदलली

एका राज्यात, जिथला समुद्र जांभळा होता, शंखध्वज राजा राज्य करीत असे. त्या भूमीच्या पोटात लोहशेष नाग निजलेला असे. त्याचे मस्तक उत्तरेला, म्हणून साऱ्या होकायंत्रांच्या सुया उत्तर दाखवीत. एकदा नाग कूस बदलू लागला, तोच त्याच्या शेपटीच्या फटक्याने कालकेतू जादूगाराचा मनोरा ढासळला. जादूगाराने शापिले, "'तुला कुठे निजायचे आहे?' असे कुणी माणूस विचारीत नाही, तोवर तुला झोप नाही!"

नाग भटकू लागला, सुया भिरभिरू लागल्या. गलबते घेऊन गेलेला राजपुत्र मणिरथ समुद्रात वाट चुकला.

राजाने होकायंत्र आणि मंतरलेली साखळी कन्येच्या हाती दिली. "सुवेणे, नागाला बांधून उत्तरेला आण."

"आज्ञा, महाराज."

वाट हरवलेला एक करकोचा तिच्यासवे निघाला. तो बोलत असे.

पहिल्याने लोखंडाचा डोंगर लागला. तिथे नागाची मस्तकेच मस्तके! सुई प्रत्येकापाशी थबके आणि पुन्हा फिरे. "ही खोटी," सुवेणा म्हणाली आणि पुढे चालली.

मग निस्तेज सरोवर आले. भरदुपारी आकाशात हिरव्या प्रकाशाचे पडदे झुलत होते, सुई मेल्यागत पडली होती.

"राजकन्ये, परतावे का?" करकोच्याने विचारले.

"नाही. नागाचे बळ घटले आहे, सरलेले नाही."

ती काठावर बसून राहिली. अखेर सुईचे टोक थरथरले.

शेवटी मिठाचे वाळवंट लागले. तिथे सुई झुकत झुकत थेट जमिनीकडे रोखली गेली.

"तो पायाखाली आहे," सुवेणा म्हणाली आणि तिने हाक दिली.

भूमी दुभंगली. नाग वर आला. जागून जागून त्याचे डोळे लाल झाले होते.

"तू साखळी आणलीस?"

"आणली."

लहानपणी तापाने रात्रभर झोपेविना तळमळणारा भाऊ मणिरथ तिला आठवला. तिचे मन द्रवले. तिने साखळी मिठात टाकून दिली.

"नागराज, तुम्हाला कुठे निजायचे आहे?"

नागाने मान दक्षिणेकडे वळवली. मग म्हणाला, "दक्षिणेला डोके करून."

"मग निजा."

शाप तुटला. कालकेतूच्या जिभेवरचे सारे मंत्र पुसले गेले. करकोच्यालाही वाट गवसली; तो समुद्राकडे झेपावला आणि मणिरथाला म्हणाला, "सुईचे तांबडे टोक आता दक्षिण दाखवते. त्याकडे पाठ करा आणि घरी या."

गलबते बंदरात शिरली, तेव्हा राजाने होकायंत्र पाहिले. "सुवेणे, सुया तर उलट्या झाल्या!"

"स्थिर झाल्या, महाराज."

राजाने मुलाला पोटाशी धरले, मुलीकडे पाहिले आणि रंगारी बोलावले. राज्यातल्या सर्व सुयांची उत्तरेकडची टोके नव्याने तांबडी रंगली.

त्या नागाला झोप मिळाली, गलबतांना घर मिळाले. ऐकणाऱ्यांनाही दोन्ही मिळोत.